मत बदलण्याची किंमत

(पावसाळ्यापूर्वी झालेल्या सहकारी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, 'लोक अंधश्रद्धा का सोडत नाहीत?' कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा मी पाळकसाहेबांना विचारलं, 'लोक' काढून तिथे 'आपण' घातलं तर चालेल का? ते म्हणाले, आता छापून झालंय, तुम्ही बोलताना घाला. तेव्हा मी बोलताना घालणार आहे. पण त्याआधी मला माझंच एक जुनं लिखाण दुरुस्त करायचं आहे.

तुमच्यातल्या जुन्या वर्गणीदारांना आठवत असेल. सतरा वर्षांपूर्वी आपल्या या त्रैमासिकात मी एका मुलीविषयी लिहिलं होतं. जव्हारच्या पलीकडच्या एका पाड्यावरची नऊ वर्षांची वारली मुलगी. साप चावून गेली. लेखाचा मथळा होता 'अंधश्रद्धेचा बळी'. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो वाचून पत्रं लिहिली, काहींनी देणग्या पाठवल्या. त्या पैशांतून जीपला नवे टायर आले आणि औषधांची पेटी आली. तो लेख खोटा नव्हता. पण पुरता खराही नव्हता.

जुलै महिना होता, भाताच्या आवणीचे दिवस. पहाटे चारच्या सुमारास मुलगी पोटात दुखतंय म्हणून रडत उठली. सगळे जमिनीवर झोपलेले. कुठे चावल्याची खूण नाही, सूज नाही. मण्यार चावली की असंच होतं. दुखत नाही, झोपमोडही होत नाही कधी कधी, आणि पहाटे पोटदुखी, घसा दुखणं सुरू होतं. घरच्यांना वाटलं, रात्री काही वावगं खाल्लं असेल. उजाडता उजाडता तिच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं, तेव्हा भगताला बोलावलं. अंगणवाडीच्या बाईंनी मला निरोप धाडला. मी साडेसातला जीप घेऊन पोहोचले. महिनाभर आधीच आमचं सर्पदंशाचं प्रशिक्षण झालं होतं, त्यामुळे तिचे मिटत चाललेले डोळे पाहूनच मी ओळखलं.

भगत सुपात तांदूळ घेऊन दाणे पाहत बसला होता. मी ते सूप हाताने बाजूला सारलं. अंगणात तीस-चाळीस माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी म्हणाले, 'तुम्ही अडाणी माणसं आहात. इथे ठेवलीत तर पोर मरेल, दवाखान्यात नेलीत तर जगेल, आणि मेली तर पाप तुमच्या डोक्यावर.' शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

मुलीचा आजा तोवर भिंतीला टेकून गप्प बसला होता. तो उठला आणि दारात आडवा झाला. 'माझ्या घरातली पोर माझ्या घरात राहील.' तिथून पुढे दोन तास गेले. शेवटी सरपंचांना आणलं, साडेनऊला जीप निघाली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अलीकडे घाटातच ती गेली.

मी लेखात लिहिलं होतं की घरचे लोक तिला न्यायला तयार नव्हते. जे लिहिलं नव्हतं ते आज सांगते. जीपचा आवाज ऐकून मुलीच्या आईने तिची गोधडी गुंडाळून ठेवली होती. आई तयार होती, बाप तयार होता. आजा काहीच बोलला नव्हता. मी तोंड उघडेपर्यंत त्या घरात कोणीही 'नाही' म्हणालेलं नव्हतं.

ती वाचली असती का? डॉक्टरांनी सांगितलं, सांगता येत नाही. मण्यारीचं विष श्वास बंद पाडतं, प्रतिविष दिलं तरी कधी कधी यंत्रावर ठेवावं लागतं. पण दोन तास आधी आली असती तर संधी होती. त्या दोन तासांचा हिशेब मी अनेक वर्षं भगताच्या आणि आजाच्या नावावर मांडून ठेवला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आजा का अडला? अडाणी म्हणून? मीही असंच समजत होते. चार वर्षांनी त्याच पाड्यावरच्या एका लग्नात बायकांबरोबर भाकऱ्या थापताना मला कळलं की त्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा, म्हणजे मुलीचा चुलता, काही वर्षांपूर्वी असाच सापाने गेला होता. याच अंगणात, याच भगतासमोर. त्या दिवशी लाकूडवाल्या ठेकेदाराचा ट्रक पाड्यावर उभा होता आणि ड्रायव्हर जव्हारला न्यायला तयार होता. नको म्हणणारा हा आजाच होता.

आता सांगा, त्या सकाळी मी ओरडून जे म्हणाले त्याचा अर्थ त्याच्या कानात काय झाला असेल? इथे ठेवलीत तर मरेल, नेलीत तर जगेल. म्हणजे, तुझा मुलगा तू मारलास. चाळीस माणसांसमोर. ते मान्य करून जीपमध्ये बसायचं, की साप चावलेल्याचं जे व्हायचं ते ठरलेलं असतं, दवाखान्याने काही होत नाही, या समजुतीला घट्ट धरून राहायचं? ती समजूत नुसती अडाणीपणाची नव्हती. तिच्या आधारावर तो माणूस इतकी वर्षं रात्री झोपू शकत होता. मी ती सगळ्यांदेखत ओढून काढायला निघाले होते, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

हे फक्त पाड्यावर घडतं असं कोणाला वाटत असेल तर व्हिएन्नाची एक हकीकत सांगते. १८४७ साल. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने बायका कितीतरी जास्त मरत; त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा गेल्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की हे डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये मृत्यू शंभरात दोनच्या आसपास आले.

एवढा पुरावा डोळ्यांसमोर असताना युरोपातल्या पदवीधर डॉक्टरांनी काय केलं? बहुतेकांनी मानलं नाही. हवेतला दोष आहे, बायकांच्या प्रकृतीचा दोष आहे, ऋतूचा दोष आहे, अशी कारणं वर्षानुवर्षं सांगितली. कारण हात धुण्याची गोष्ट मान्य करायची म्हणजे आजवर मेलेल्या बायका आपल्याच हातांनी मारल्या हे मान्य करायचं. जर्मनीतल्या कील गावच्या मिकाएलिस नावाच्या एका नामवंत डॉक्टरने ते मान्य केलं. त्याच्या नात्यातलीच एक बाई त्याने बाळंतपण केल्यावर गेली होती. १८४८ साली त्याने आगगाडीखाली जीव दिला. मत बदलण्याची किंमत कधी कधी एवढी असते. ज्यांनी मत बदललं नाही त्यांना मी आता सहज हसू शकत नाही.

आणि सेमेलवाइस? तो बरोबर होता, पण पुढे त्याने विरोधकांना उघड पत्रं लिहिली आणि त्यांना खुनी म्हटलं. त्याने कोणाचे हात धुतले गेले असं दिसत नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला. मी हे वाचलं तेव्हा मला माझं ते सूप आठवलं.

भगताबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळे शिव्या त्यालाच देतात. मुलगी गेल्यावर वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग एकदा आंब्याखाली तो एकटा बसलेला दिसला, तेव्हा विचारलं, 'बाबा, साप चावलेली किती माणसं तुमच्याकडे आली?' तो मोजू लागला. नावं घेऊन, पाडे सांगून मोजू लागला. अमक्याचा पोरगा, बरा झाला. तमक्याची सून, बरी झाली. वीसेक नावं झाली. गेलेली किती? चार. तो म्हणाला, 'बाई, वीसांतली सोळा मी वाचवली. तुमचा डॉक्टर किती वाचवतो?'

मी गप्प बसले. तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात: दिवड, धामण, कवड्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार जिवावर उठणारे. पण तेही प्रत्येक वेळी पुरेसं विष टोचतातच असं नाही. म्हणजे भगताने मंत्र म्हटला, पाला लावला किंवा नुसतं पाणी शिंपडलं, तरी बरीच माणसं बरी होणारच. आणि त्यातला प्रत्येक जण उभा राहून सांगणार, भगताने वाचवलं. उलट दवाखान्यात कोण जातो? भगताकडून उतार पडला नाही तो, श्वास लागलेला, उशीर झालेला. तो तिथे मरतो. मग पाड्यावर लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? भगताकडे गेलेला जगतो, दवाखान्यात गेलेला मरतो. त्यांनी अनुभवच धरून ठेवला आहे. अनुभवाची मोजणी चुकली आहे, आणि ती मोजणी माझीसुद्धा चुकते. प्रार्थना केली आणि ताप उतरला, त्याच्या किती साक्षी आपण मंडळीत ऐकतो? नाही उतरला त्याची साक्ष कोण देतो?

शिवाय भगत घरी येतो. रात्री दोन वाजता येतो. मुलीला तिच्या घरच्या नावाने हाक मारतो. एक कोंबडा, एक नारळ, जमेल ते घेतो. दवाखान्यात आधी केसपेपर, मग 'इतका उशीर का केलात?', मग 'तुम्हां लोकांना कळत नाही का?'. मी त्या रांगेत त्यांच्याबरोबर उभी राहिले आहे. तिथले सगळेच तसे नसतात, काही देवमाणसं आहेत. पण एकदा अपमान झाला की तो दहा वर्षं पाड्यावर सांगितला जातो.

आता आपल्याला शास्त्रातला नामान आठवावा. दुसरं राजे, पाचवा अध्याय. शब्बाथशाळेत तुम्ही सगळे शिकलात. अरामी सेनापती, अंगावर कोड. संदेष्ट्याकडे रथ-घोडे, सोनं-रुपं घेऊन जातो. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. निरोप धाडतो, यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान संतापतो. का संतापतो ते पाहा. त्याच्या मनात इलाजाचं एक चित्र होतं: संदेष्टा बाहेर येईल, उभा राहून आपल्या देवाचं नाव घेईल, त्या जागेवरून हात फिरवील. आमच्या पाड्यावरच्या माणसाला इलाज म्हटल्यावर हेच चित्र दिसतं. हात फिरवणारं कोणीतरी हवं. त्याजागी त्याला खिडकीतून एक कागद मिळतो. आणि दुसरं, दिमिष्काच्या नद्यांचं. आमच्या नद्या काय वाईट आहेत? तुमची यार्देन मानायची म्हणजे आमचं सगळं कमी ठरवायचं.

तो परत निघाला होता. त्याला कोणी वळवलं? अलीशाने नाही. दुसरा निरोप नाही, मोठा युक्तिवाद नाही. त्याच्याच चाकरांनी वळवलं. त्याचंच मीठ खाणाऱ्या, त्याच्याबरोबर वाट चालून आलेल्या माणसांनी. ते त्याला बापाच्या नात्याने हाक मारतात. तुम्ही चुकलात असं म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात की काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतंच ना, हे तर सोपं आहे. त्यांनी त्याचा मान राखला आणि नदीपर्यंतची वाट लहान केली. मी जव्हारच्या त्या अंगणात याच्या नेमकं उलट केलं होतं. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना हा अध्याय मी परीक्षेला लिहिला होता, चांगले गुण मिळाले होते.

आता 'आपण' विषयी. २०२१ साल आठवा. लस आली. पाड्यांवर अफवा होती की सुईने माणूस मरतो, पोरं होत नाहीत. आम्ही कार्यकर्ते समजावायला जात होतो. आणि त्याच वेळी आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय फिरत होतं? लसीत चिप आहे, ही प्रकटीकरणातली श्वापदाची खूण आहे, सहाशे सहासष्ट. पदवीधर माणसं पाठवत होती, शिक्षक पाठवत होते. मी काय केलं? पाड्यावर जाऊन मी लस घ्या म्हणत होते आणि स्वतः दोन महिने घेतली नाही. कोणी विचारलं की सांगायचे, रक्तदाब आहे, डॉक्टरांना विचारते. खरं कारण असं की ज्या वडीलबाईंनी मला लहानपणी प्रार्थना शिकवली त्यांनीच तो संदेश पाठवला होता. लस घ्यायची म्हणजे त्यांना चुकीचं ठरवायचं. मला सुईची भीती कमी होती, रविवारी त्यांच्याशेजारी बसायची भीती जास्त होती.

मला कोणी लेख पाठवून वळवलं नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाई एका दुपारी चहा घेताना म्हणाल्या, 'मीसुद्धा फार घाबरले होते हो. घेतल्यावर दोन दिवस ताप आला, रडले. तुम्ही शुक्रवारी या, शनिवार-रविवार मोकळा मिळेल.' मी शुक्रवारी गेले. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की इतके दिवस का आला नाहीत.

क्षयरोगाचंही सांगते. आमच्याच एका गावात एक भाऊ औषधं घेत होता. सहा महिन्यांच्या गोळ्या. पण दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागते. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्याने साक्ष दिली, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. गोळ्या बंद. पावसाळ्यानंतर पुन्हा रक्ताचा खोकला. आता त्याचं औषध जास्त कडक, जास्त दिवसांचं. पण लोकांसमोर साक्ष दिलेला माणूस 'मी पुन्हा आजारी आहे' हे कोणाला सांगणार? तो तीन महिने लपवत राहिला. टाळ्यांमुळे त्याचा परतीचा रस्ता बंद झाला होता. भगताच्या सुपाला मी अंधश्रद्धा म्हटलं. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. कायदा हवाच. पैसे उकळणाऱ्या, बाईला डाकीण ठरवणाऱ्या माणसाला त्याचा धाक हवा. पण आमच्या म्हाताऱ्या आजासमोर मी कायद्याचं कलम ठेवलं असतं तरी तो दारातच आडवा झाला असता. कायदा हात धरू शकतो. आजाच्या पोटात होतं ते कायद्याला कुठून दिसणार?

मग आता आम्ही काय करतो? त्या आंब्याखालच्या दिवसानंतर मी भगताकडे जात राहिले. मोजणीचा वाद घातला नाही. एकदा सापांच्या चित्रांचा तक्ता नेला आणि विचारलं, यातले तुम्ही ओळखता ते सांगा. तो माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. कोणत्या सापाने ती चार गेली ते त्यानेच बोट ठेवून दाखवलं: मण्यार, मण्यार, नाग, घोणस. स्वतःच दाखवलं आणि बराच वेळ तक्त्याकडे पाहत बसला. मी काही बोलले नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम समजते.

त्यानंतर आमचं ठरलं. पापणी जड झाली, बोलणं अडखळलं, हिरडीतून रक्त आलं, पाय भरभर सुजला, किंवा जनावर दिसलंच नाही, तर आधी जीप. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही; हातपाय हलू न देता न्यायचं. भगताला काही म्हणायचं असेल तर ते जीपमध्ये म्हणावं. तो आमच्याबरोबर जीपमध्ये बसतो. दवाखान्याच्या दारात नातेवाइकांना तोच सांगतो, 'सुई घेऊ द्या.' हाफकिनच्या प्रतिविषाची बाटली कशी असते हे आता त्याला माहीत आहे. घोड्याच्या रक्तापासून करतात म्हटल्यावर तो खूश झाला, म्हणाला, मग घोड्याची ताकद आहे त्यात.

तुमच्यापैकी काहींनी मला पत्रातून विचारलं आहे, आणि मागच्या बाकावरून आजही कोणी विचारील, की ताई, मिशनच्या जीपमध्ये भगत मंत्र म्हणतो हे तुम्हांला चालतं का? प्रश्न रास्त आहे. मी त्यावर खूप रात्री घालवल्या आहेत. माझं उत्तर नामानाच्या गोष्टीच्या शेवटी आहे, जो भाग आपण शब्बाथशाळेत फारसा शिकवत नाही. बरा झाल्यावर नामान दोन खेचरांच्या ओझ्याएवढी माती मागतो, आणि म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अर्धवट बदललेलं मन आहे ते. माती नेल्याने देव मिळतो असं समजणारं. अलीशा त्याला शिकवणी देत बसत नाही, अट घालत नाही. शांतीने जा, एवढंच सांगतो. मी संदेष्टी नाही. पण शांतीने जाऊ देणं अलीशाला चालत असेल तर जीपच्या मागच्या सीटवर चालायला हरकत नसावी. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्या मताचा मी मान ठेवते, आणि त्यांनी देणगी थांबवू नये अशी विनंतीही करते.

सर्पदंशाचं प्रमाण लहान समजू नका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सापाने गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. ज्या मुलीवर मी लेख लिहिला ती त्यातली एक.

तिचा आजा अजून आहे. खूप थकला आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेले, आणि ज्यासाठी सोळा वर्षं हिंमत होत नव्हती ते बोलले. 'आजा, त्या दिवशी मी तुम्हांला सगळ्यांसमोर टाकून बोलले. माझं चुकलं.' तो बराच वेळ बिडी शोधत राहिला. मग म्हणाला, 'पोर तेवढंच आयुष्य घेऊन आली होती.' त्याने मत बदललेलं नाही. मीही वाद घातला नाही. थोरल्या मुलाबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही.

पण त्या घरात आता खाट आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाठवलेली मच्छरदाणीही आहे. खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपलं की मण्यार अंथरुणात शिरत नाही, हे आम्ही पाड्यापाड्यावर सांगतो. मी निघाले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आजा पणतूची मच्छरदाणी गादीखाली खोचत होता. चारही बाजू, कोपरे नीट दाबून. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाला, 'डास फार झालेत.' मी म्हटलं, हो, यंदा फारच झालेत.

या वर्षी चौदा पाड्यांसाठी मच्छरदाण्या हव्या आहेत आणि त्या जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पोहोचायला हव्यात. पाऊस लागला की घाटापलीकडे गाडी जात नाही. कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. प्रार्थना पाळकसाहेब करतील.